फोरमनकाकांना विचारा : बॅटरी स्कूटरला की बसला?

गेल्या अंकात विजेवरच्या गाड्यांबद्दल काय विचारायचं ते विचारा म्हटलं आणि पत्रांचा ढीग आला. त्यातल्या अर्ध्यांत एकच प्रश्न : कुठल्या कंपनीची घेऊ? ते उत्तर इथे मिळणार नाही. जन्मभर डिझेलच्या बसेसखाली पाठ टेकून काम केलं, आता म्हातारपणी शोरूमची दलाली नको. उरलेल्यांतली पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण त्याच्या उत्तरात बाकीच्या पुष्कळांची उत्तरं येऊन जातात.

काका, मी पर्वरीला राहते आणि पणजीत शाळेत शिकवते. माझी पेट्रोलची स्कूटर जुनी झाली आहे, पण चालते. ती काढून विजेवरची घ्यावी असं मनात आहे. मुलगा म्हणतो, "आई, वीज शेवटी कोळशावरच होते. धूर पणजीत निघाला नाही तर दुसरीकडे निघेल, फरक काय?" तो बरोबर की मी? — एक शिक्षिका, पर्वरी

बाई, मुलाला भिंतीतल्या सॉकेटच्या मागचा कोळसा दिसला, याबद्दल त्याचं कौतुक करा. गोव्यात वीज तयार करणारं मोठं केंद्र नाही. आपला बराचसा वाटा येतो तो केंद्र सरकारच्या औष्णिक केंद्रांतून. छत्तीसगडचं कोरबा, मध्य प्रदेशातलं विंध्याचल, तेलंगणातलं रामागुंडम, सगळी कोळशावरची. (मुरगाव बंदरात उतरतो तो कोळसा वेगळा. तो मुख्यतः कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना जातो. वास्कोकरांच्या खिडक्या काळ्या होतात, पण त्यावर आपल्या घरातला एक दिवा लागत नाही.)

इथपर्यंत मुलगा बरोबर. आता त्याला कागद-पेन्सिल द्या.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पाऊण किलो वजनाच्या पेट्रोलातून सव्वादोन किलो वायू कसा, असं तो विचारेलच. पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, त्याचं ते वजन. तुमची स्कूटर लिटरला 45 किलोमीटर जात असेल तर किलोमीटरमागे 50 ग्रॅमच्या आसपास पडले. विजेची स्कूटर एका युनिटमध्ये, चार्जिंगमधली गळती धरून, 30 किलोमीटर जाते. देशाच्या सगळ्या विजेची सरासरी काढली तर एका युनिटमागे 0.7 किलोच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड आहे. म्हणजे किलोमीटरला 24 ग्रॅम. कोळसा धरूनसुद्धा निम्म्याहून कमी.

असं का होतं, ते आम्हा गॅरेजवाल्यांना हाताला चटके बसून कळलेलं असतं. इंजिन बंद केल्यावरही अर्धा तास सायलेन्सरला हात लावता येत नाही. ती उष्णता तुमच्या पैशाची. पेट्रोल इंजिनात घातलेल्या शक्तीतली जेमतेम पाव चाकाला मिळते, आणि पणजीच्या अठरा जून रस्त्यावर गाडी उभ्या-उभ्या घुरघुरत असली की तेवढीही नाही. कोळशाच्या केंद्रातही दोनतृतीयांश शक्ती वाया जाते, पण तिथून पुढे मोटर जवळजवळ काही सांडत नाही, आणि सिग्नलला उभी असताना काही खात नाही.

पण बाई, तुमची चालती गाडी काढायची घाई करू नका. बॅटरी बनवतानाही कार्बन निघतो. स्कूटरच्या तीन युनिटांच्या बॅटरीमागे दोनशे ते तीनशे किलो धरा. किलोमीटरला 25 ग्रॅम वाचवून हे कर्ज फिटायला दहा हजार किलोमीटर लागतात. पर्वरी-पणजी करून तेवढे व्हायला तुम्हाला तीनेक वर्षं जातील. त्यानंतर सगळा नफा. तेव्हा जुनी गाडी आपल्या मरणाने मरू द्या, आणि नवी घ्यायची वेळ आली की मात्र पेट्रोलच्या शोरूमची पायरी चढू नका.

आता मुलाने न विचारलेली गोष्ट. तुमच्या दारावरून म्हापसा-पणजी बस जाते. समजा ती खासगी मालकाची आहे, जुनी, खडखडणारी, आणि लिटरला चार किलोमीटर जाते. डिझेलच्या एका लिटरमागे 2.7 किलो धरा, म्हणजे किलोमीटरला 670 ग्रॅम झाले. आत तीस माणसं असली तर माणशी 22. म्हणजे भरलेल्या खटारा बसमध्ये दांडी धरून उभी असलेली बाई आणि नव्याकोऱ्या विजेच्या स्कूटरवर एकटी बसलेली बाई, दोघींचा कार्बन सारखाच. वर बसवाल्या बाईला दीड लाख घालावे लागले नाहीत.

हे मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू देत, आकडे तपासून घ्यावेत.

अर्थात कार्बन म्हणजे सगळं नव्हे. त्या बसच्या मागे काळा धूर असतो, आणि तो थांब्यावर उभ्या असलेल्या पोरांच्या छातीत जातो. नोझल खराब झाली, एअर फिल्टर कोंडला, की डिझेल धड जळत नाही आणि काजळी सुटते. त्यासाठी शहरात विजेची बस हाच उपाय. पणजीत 2024 पासून विजेच्या बसेस फिरतात, मिरामार-दोनापावलाच्या बाजूला त्यांच्या मागे उभं राहिलं तर नाकाला रुमाल लावावा लागत नाही. मात्र एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती मी सांगतो. मोठी एसी बस विजेवर किलोमीटरला सव्वा युनिट तरी खाते. आजच्या कोळशाच्या विजेवर तिचा कार्बन तेवढ्याच मोठ्या एसी डिझेल बसपेक्षा फार कमी नाही, थोडाच कमी आहे. फायदा पुढे आहे. ग्रिडमध्ये सूर्याची आणि वाऱ्याची वीज वाढेल तशी तीच बस, एक स्क्रू न बदलता, स्वच्छ होत जाईल. डिझेलची बस दरवर्षी आणखी घाण होत जाते, हे मी शपथेवर सांगेन.

मग लोक बसमध्ये का चढत नाहीत? गोव्यात कुणालाही विचारा. दिवसा बस आहे, पण स्टँडवर भरेपर्यंत हलत नाही. हलली की पुढच्या बसशी शर्यत. कंडक्टर "फुडें, फुडें" करत माणसं कोंबतो. आणि संध्याकाळी आठ वाजले की बस गायब. पणजीत दुकानात काम करणारी पोरगी साडेआठला सुटते, तिने करायचं काय? ती कर्ज काढून स्कूटर घेते. आपल्या राज्यात माणसांइतक्या गाड्या का झाल्या, त्याचं कारण रात्री आठ वाजता बस स्टँडवर उभं राहिलं की कळतं.

ही शर्यत ड्रायव्हरच्या स्वभावामुळे होत नाही. त्याचं आणि कंडक्टरचं पोट दिवसाच्या वसुलीवर असतं, म्हणून होते. बसमालकाला तिकिटांऐवजी किलोमीटरप्रमाणे पैसे दिले, की रिकामी बससुद्धा वेळेवर सुटते. कदंब महामंडळाची खासगी बसमालकांसाठीची 'म्हजी बस' योजना या धर्तीची आहे. मला विचाराल तर स्कूटरवर अनुदान देण्याआधी तो पैसा रात्री आठ ते अकराच्या बसला द्यावा. आधी वेळापत्रक, मग बॅटरी. डिझेलची का असेना, बस आधी येऊ दे.

तेव्हा बाई, सकाळी बसने जा, शाळा सुटल्यावर बसने या, आणि स्कूटर उशीर होणार असेल त्या दिवसापुरती ठेवा. ती आणखी पाच वर्षं टिकेल. मुलालाही बसने पाठवा, म्हणजे त्याचं कोळशाचं भाषण तरी खरं होईल.

काका, मी म्हापशाचा मोटारसायकल पायलट, गिऱ्हाइकाला मागे बसवून भाडं मारतो. दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर होतात. विजेची गाडी 120 किलोमीटर जाते असं शोरूमवाला म्हणतो. एका मित्राची 85 वर बसली आणि त्याला हणजूणहून ढकलत आणावी लागली. घेऊ की नको? — एक पायलट, म्हापसा

भाऊ, बाकी सगळ्यांना मी थांबा म्हणतो, तुम्हाला घ्या म्हणतो. विजेची गाडी जितकी जास्त फिरते तितकी परवडते, आणि तुमच्याइतकी दुचाकी गोव्यात दुसरं कोण फिरवतं?

शोरूमवाल्याचा 120 हा आकडा खोटा नाही. तो ठरलेल्या चाचणीतला आहे, प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा. त्या रोलरवर शिवोलीचा चढ नसतो आणि मागे बॅगा घेतलेला शंभर किलोचा पाहुणा नसतो. त्यातला तिसरा हिस्सा उडवा, उरेल तो तुमचा. वर शेवटचे वीस टक्के नाहीत असं समजा. मग 120 च्या गाडीत तुमचे 60 ते 65 बिनधोक होतात. म्हणजे दुपारी एकदा तरी चार्ज करावी लागणार. जेवायला घरी जात असाल तर प्रश्नच मिटला. नाहीतर पायलटांच्या स्टँडवर 15 अँपियरचं कुलपातलं सॉकेट मिळावं म्हणून सगळ्यांनी मिळून नगरपालिकेत अर्ज द्या. गिऱ्हाइकाची वाट बघत तुम्ही तिथे तासन् तास उभे असताच, तो वेळ कामाला येईल. बसवाल्याला ही चैन नाही.

पैशाचं बघू. पेट्रोल शंभराच्या आसपास धरलं आणि मोटारसायकल लिटरला 50 गेली, तर किलोमीटरला दोन रुपये. घरची वीज, सगळे आकार धरून युनिटला सहा रुपये जरी पडली, तरी किलोमीटरला वीस पैसे. पंच्याहत्तर किलोमीटरला दिवसाकाठी सव्वाशे-दीडशे रुपये सुटतात. ऑइल बदलायचं नाही, क्लच वायर नाही, चेन-स्प्रॉकेटचा खर्चही बहुतेक मॉडेलांत नाही. बाहेरच्या चार्जिंग स्टेशनवर दर जास्त असतो, तिथे रोज गेलात तर हा हिशेब बिघडेल.

सही करण्यापूर्वी एकच गोष्ट कागदावर वाचून घ्या. बॅटरीची वॉरंटी भाड्याच्या धंद्याला लागू आहे का? काही कंपन्या फक्त घरगुती वापरालाच ती देतात, आणि बॅटरी म्हणजे गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा तरी असतो. शोरूमवाला तोंडाने "होय, होय" म्हणेल. त्याला म्हणा, लिहून दे. आणि आरटीओत आधी चौकशी करा. विजेच्या भाड्याच्या गाडीला हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं लागतात. मडगार्ड पिवळं ठेवा म्हणजे झालं, गिऱ्हाईक ते बघूनच हात करतं.

बॅटरी निवडायची मुभा असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. ती थोडी जड असते, पण कमी तापते आणि जास्त वेळा भरता येते. तुमच्या वापराला तीच बरी.

आमच्याकडे पावसात रस्त्यावर गुडघाभर पाणी येतं, आणि वीज तर ढग आले की जाते. अशा ठिकाणी विजेची गाडी घेणं शहाणपणाचं आहे का? शॉक लागेल का? — एक वाचक, कुडचडे

शॉकची भीती सोडा. बॅटरीच्या डब्यावर आयपी 67 लिहिलेलं असेल तर तो मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवून तपासलेला असतो. 2022 च्या डिसेंबरपासून बॅटरीच्या सुरक्षेचे नियमही कडक झाले आहेत. गुडघाभर पाण्यात पेट्रोलच्या गाडीचं सायलेन्सर पाणी पितं आणि गाडी बंद पडते, विजेची बहुधा निघून जाते. तरी मुद्दाम घालू नका, बेअरिंगला पाणी कुणाचंच सोसत नाही.

खरा शत्रू पाणी नव्हे, खारी हवा. समुद्राजवळच्या गावांत चार्जिंगच्या पिनांवर हिरवट थर चढतो, मग पिन तापते आणि प्लग वितळतो. महिन्यातून एकदा पिना कोरड्या फडक्याने पुसा. आणि घरचं अर्थिंग तपासून घ्या. आपल्या जुन्या कौलारू घरांत तिसऱ्या भोकात वायरच नसते, असं मी कितीदा पाहिलं आहे. वीज जाते म्हणाल तर स्कूटर रिकामी होईपर्यंत थांबायचं नाही, वीज असेल तेव्हा लावून ठेवायची. दोन-तीन तास वीज गेल्याने तुमचं अडणार नाही.

चोडणहून रोज फेरीने रायबंदरला येतो. या फेरीबोटी विजेवर का चालत नाहीत? धक्क्यावर उभी असतानासुद्धा इंजिन धूर सोडत असतं. — एक वाचक, चोडण

वा, हा खरा प्रश्न. विजेसाठी याहून सोयीचं वाहन सापडणार नाही. मार्ग ठरलेला आणि आखूड, वेग कमी, दोन्ही टोकांना धक्का, आणि प्रत्येक फेरीनंतर चार मिनिटं उभं राहणं आलंच. रेंजची चिंता ज्याला अजिबात नाही असं हे एकच वाहन.

केरळात वैकोम ते तवणक्कडवू अशी 75 माणसांची 'आदित्य' ही सौर बोट 2017 च्या जानेवारीपासून चालते. अंतर अडीच किलोमीटर, छपरावर सौर पट्ट्या, पोटात बॅटऱ्या. कोचीत 2023 पासून वॉटर मेट्रोच्या बोटी आहेत. आपल्याकडेही 2023 मध्ये मांडवीत सौर बोट उतरवली, फोटो निघाले. पण ती माणसांची बोट. चोडणच्या माणसाला एकट्याने पलीकडे जाऊन काय करायचं? त्याला स्कूटर पलीकडे हवी, माशांची टोपली हवी, आणि बाजाराच्या दिवशी पिकअपही हवी.

गाड्या चढवणारी फेरी विजेवर चालत नाही असंही नाही. नॉर्वेत लाविक आणि ओप्पेदाल या दोन गावांमध्ये 2015 पासून 'अँपिअर' नावाची फेरी सुमारे 120 मोटारी घेऊन पावणेसहा किलोमीटरची खाडी ओलांडते, पूर्ण विजेवर. त्यांच्या खेड्यातली वीजवाहिनी इतका झटका सोसणारी नव्हती. म्हणून त्यांनी दोन्ही धक्क्यांवर मोठ्या बॅटऱ्या बसवल्या. त्या सावकाश भरतात आणि फेरी लागली की दहा मिनिटांत तिला पाजतात. चोडणला नेमकं हेच हवं. आपल्या नदीची रुंदी त्या खाडीच्या पासंगालाही पुरणार नाही, म्हणजे बॅटरीही किती लहान लागेल बघा.

1986 च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा याच फेरीबोटींनी पणजी आणि बार्देस जोडून ठेवलं होतं. नवा पूल व्हायला 1992 उजाडलं. त्या चालवणाऱ्या नदी परिवहन खात्याला बोटी चालवणं शिकवायची गरज नाही. नवी बोट मागवताना निविदेत काय लिहायचं तेवढं बदलायला हवं. तुमच्या पंचायतीने ग्रामसभेत ठराव घेऊन खात्याला पाठवावा, आणि त्यात "गाड्यांसह" हा शब्द विसरू नये.

मडगाव-पणजी-म्हापसा मेट्रो झाली तर सगळे प्रश्न सुटतील असं आमच्या कट्ट्यावर ठरलं आहे. तुमचं मत? — एक ज्येष्ठ नागरिक, मडगाव

मडगावकरांनी हे विचारावं! अहो, तुमच्या रेल्वे स्टेशनाजवळ स्कायबसचे खांब उभे होते, आठवतात ना? कोकण रेल्वेने 1.6 किलोमीटरचा चाचणीमार्ग बांधला होता. वरच्या रुळाला लटकणारे, विजेवर धावणारे डबे. 2004 च्या सप्टेंबरात चाचणीत डबा खांबाला धडकला, एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. पुढे वर्षानुवर्षं ते सांगाडे तसेच राहिले आणि 2013 मध्ये मोडीत काढले. कल्पना वाईट होती असं मी म्हणत नाही, पण ती पाहायला आलेल्यांपैकी कितीजण घरी परत जायला बस शोधत होते, तेही कुणी लिहून ठेवायला हवं होतं.

मेट्रो चालते ती तासाला हजारो माणसं एकाच रस्त्याने जात असतात तिथे. 2011 च्या जनगणनेत आख्खं गोवा राज्य 14 लाख 58 हजार माणसांचं. तीही काणकोणपासून पेडण्यापर्यंत वाड्या-वाड्यांत पसरलेली. मेट्रो मडगावला उतरवेल, पण तिथून चिंचिणीला कोण नेईल? पुन्हा बसच.

रुळावरची वीज हवी असेल तर ती आलीच आहे. रोह्यापासून ठोकूरपर्यंत कोकण रेल्वेच्या 740 किलोमीटरचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं. रेल्वेला बॅटरी वाहून न्यावी लागत नाही, वरच्या तारेतून थेट घेते, म्हणून याइतकं स्वस्त आणि स्वच्छ काही नाही. तुमच्या कट्ट्याने आणखी एक ठराव करावा : थिवी, करमळी आणि मडगावला गाडी येते त्या वेळी स्टेशनच्या दारात बस उभी असावी, रात्रीच्या गाड्यांनासुद्धा. ठराव झाला की सह्या घेऊन कदंबच्या मडगाव डेपोत द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका. प्रत मला पाठवलीत तर पुढच्या अंकात छापतो.